रघुजी, वल्द नामालूम

१७ नोव्हेंबर १९९६, देवास

आज सकाळी पुन्हा तेच. जाम धुतला, तोंडाजवळ नेला, तोच मागून हुकूम: "छबू, साल काढ!"

मी एकसष्ट वर्षांची बाई आहे. सव्वीस वर्षं धारच्या कन्याशाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या वर्गात मुली शिंकायच्या आधी परवानगी मागत. आणि माझ्याच घरात एक पोपट मला छबू म्हणतो आणि पेरूचं साल काढायला लावतो. (पेरूला इकडे सगळे जामच म्हणतात. महूच्या कॉन्व्हेंटात मी सिस्टर बर्नाडेटला सांगितलं होतं की आमच्या अंगणात जामची दोन झाडं आहेत. तिला वाटलं, पावाला लावायचा तो. तिने मला खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं केलं.)

आवाज पोपटाचा नाही, जिजीचा आहे. जिजी म्हणजे राजाबाई, माझी थोरली बहीण. चोविसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आली आणि पुढे जन्मभर माझ्याकडे राहिली. मी शाळा सांभाळली, तिने मला. साल खाल्लं की माझं पोट दुखतं, हा शोध तिचा. सरदारपुरच्या हाटातून हा राघू तिनेच आणला. आमच्या घरात जी लावल्याशिवाय कोणाला हाक मारत नाहीत, म्हणून त्याचा रघुजी झाला.

जिजीला जाऊन दोन वर्षं झाली. पण 'काढ'वरचा तो चिरका जोर जसाच्या तसा. येणारे-जाणारे म्हणतात, किती छान. मला वैताग येतो. माणसाने जायचं तर पूर्ण जावं. माझी भाची नेहा मागच्या महिन्यात इंदूरहून आली होती, म्हणाली, "आत्याबाई, इसकी आवाज टेप करून ठेव ना." मी म्हटलं, आवाज पुल्लिंगी आहे, आणि पोपट जिवंत असताना टेप कशाला?

रघुजीचे खरे भक्त शेजारचे मांगीलालजी. रोज सकाळी भिंतीवरून हिरवी मिरची दाखवतात. "बोल मिट्ठू, बोल." नुसतं 'छबू' म्हटलं तर मिरची नाही. 'साल काढ' म्हटलं की लगेच मिळते, आणि मोठ्याने म्हटलं तर दोन. शिक्षिका म्हणून मला ही पद्धत पसंत आहे. बक्षीस पूर्ण उत्तरालाच हवं. मग मांगीलालजी आपल्या घराच्या खिडकीकडे बघून खूप वेळ हसतात. भाबडा माणूस.

२ डिसेंबर

मांगीलालजींचा मेहुणा अमन आज फाटकाशी आला. म्हणजे त्यांच्या बायकोचा भाऊ. तीन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी आला होता, तेव्हापासून त्यांच्या टीव्हीसमोर आहे.

"मैडम, अपने तोते को समझा लो. रोज सुबे बोलता है, 'साला काढ़'."

"साला नाही, साल. फल का छिलका. मराठी आहे."

"छिलके को हम छिलका बोलते हैं. साला मतलब साला. और इस घर का साला मैं हूँ. आप जीजाजी को भड़का रही हो कि मेरे को काढ़ दें."

मला हसू आलं. मी म्हटलं, "भिया, गाव में इतने साले हैं, बुरा तेरे को ही क्यों लगा? कुछ सच होगा तभी ना?"

तो लाल झाला. म्हणाला, देख लूँगा. मी म्हटलं, बघ, डोळे तपासून घे.

जिजी असती तर तिने त्याला आत बोलावून चहा दिला असता. मी दिला नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

१९ डिसेंबर

समन आलं. अमनने कोर्टात परिवाद, म्हणजे खासगी फिर्याद, लावलाय: जाणूनबुजून अपमान आणि शांतताभंग. शांतता भंगल्याची तक्रार करणाऱ्याचं नाव अमन. हे फक्त मलाच हास्यास्पद वाटतं का?

पण खरी गंमत पुढे. समनं दोन आहेत. एक माझं. दुसरं असं: 'रघुजी, वल्द नामालूम, उम्र नामालूम, पेशा नामालूम, आरोपी क्रमांक २.' वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बापाचं नाव ठाऊक नाही, एवढं तरी त्यांनी खरं लिहिलंय. अर्ज लिहिणाऱ्याने लिहिलं होतं, 'मैडम अपने रघुजी से रोज कहलवाती हैं.' बाबूने रघुजींना माणूस धरलं.

समन आणणाऱ्याला मी पिंजऱ्यासमोर उभं केलं. "हे घ्या, आरोपी दोन." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, "दस्तखत तो ये करेगा नहीं. मैं लिख देता हूँ, लेने से इनकार किया."

"अहो, तो पक्षी आहे!"

"बेनजी, कागज पे पक्षी का खाना नहीं है."

२१ डिसेंबर

वकील भैयासाहेबांकडे गेले. आमच्या वडिलांच्या स्नेह्यांचे चिरंजीव, आता स्वतःच सत्तरीचे. अजून 'आपण यावे, बसावे' बोलतात. कागद वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"बाई, आपण काळजी करू नये. पहिल्याच तारखेला उडवून देतो. फक्त एक कृपा करावी. आपण काही लिहू नये."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्ज, पत्र, निवेदन, काही नाही. आपलं इंग्रजी फार चांगलं आहे, म्हणून म्हणतो."

हे कारण मला समजलं नाही. चांगल्या इंग्रजीने कोणाचं कधी वाईट झालंय?

४ जानेवारी १९९७

चौदा दिवस गप्प बसले. पुरे. आज मॅजिस्ट्रेटना पत्र लिहिलं, तीन पानं, एक खोडाखोड नाही. सिस्टर बर्नाडेटनेही दहापैकी नऊ दिले असते.

मुद्दा सोपा आहे. रघुजी ही व्यक्ती नसून पोपट आहे. पुराव्यादाखल सगळं तपशिलात दिलं: सन १९७८मध्ये माझ्या कैलासवासी भगिनीने सरदारपुरच्या हाटातून तो स्वतः निवडून आणला. तेव्हापासून अठरा वर्षं तो माझ्या ताब्यात अखंड पिंजऱ्यात आहे. त्याला एक दिवसही मोकळं सोडलेलं नाही. आमची शिस्त कडक आहे आणि शेजारीपाजारी याला साक्षी आहेत. खाली पूर्ण नाव, विद्युल्लता, पत्ता आणि सही.

रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. भैयासाहेबांना सांगितलं नाही. जिंकल्यावर सांगेन.

१४ जानेवारी

संक्रांत. आकाशभर पतंग. भैयासाहेबांकडे तिळगूळ द्यायला गेले, तर ते गच्चीत खुर्ची टाकून वर बघत बसलेले.

"बाई, आपणांस ठाऊक आहे का? एकोणीसशे चौतीसच्या कायद्याने पतंग हे विमान आहे."

"काहीतरीच!"

"व्याख्येत लिहिलंय. बलून, ग्लायडर, पतंग. या घटकेला टेकडीपासून स्टेशनपर्यंत विनापरवाना विमानंच विमानं आहेत. सरकारने मनात आणलं तर सगळं देवास आत." मग जरा गंभीर झाले. "कायदा झोपलेला असतो, बाई. त्याला आपण होऊन उठवू नये, एवढंच."

मी विषय बदलला. पत्राची पोच अजून आलेली नाही.

२० जानेवारी

पहिली तारीख. पुकारा झाला: "रघुजी वल्द नामालूम हाजिर हो!" तीनदा. मांगीलालजी मागच्या बाकावर रुमालात तोंड खुपसून बसले होते. मेहुण्यामुळे बिचाऱ्यांना फार शरम वाटत असणार.

भैयासाहेब म्हणाले, हुजूर, तो पोपट आहे. अमनचा वकील म्हणाला, नाव तर माणसाचं आहे, ही सबब आहे. मॅजिस्ट्रेट तरुण आहे, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाचा. समोर फायलींचा ढीग, डोळ्यांत झोप. म्हणाला, पोपट असेल तर तसं दिसू दे. गैरहजर आहे ना? जमानती वारंट. पुढची तारीख तीन फेब्रुवारी.

मी उठून म्हटलं, माझं पत्र वाचा. भैयासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी फक्त परीक्षेत शाईची बाटली सांडलेल्या मुलीच्या डोळ्यांत पाहिली आहे.

"कोणतं पत्र?"

मी प्रत दिली. व्हरांड्यात उभ्याउभ्या वाचली त्यांनी. दुसऱ्या पानावर थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "इंग्रजी उत्तम आहे, बाई."

३१ जानेवारी

रघुजींना नेलं.

संध्याकाळी हवालदार वारंट घेऊन आला. जामीन देणारा माणूस हवा. मी देऊ शकत नाही, मी आरोपी क्रमांक एक. भैयासाहेब लग्नाला धारला गेलेले, सोमवारी सकाळी येणार. मांगीलालजी भिंतीवरून म्हणाले, "मैं देता हूँ जमानत! मैं!" आणि धोतर सावरत निघालेही, तोच आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "भाई के खिलाफ जाओगे?" ते अर्ध्या वाटेत उभे राहिले, मग चप्पल उलटी घालून परत गेले.

हवालदार वाईट नव्हता. पिंजरा सायकलच्या मागे सुतळीने बांधला. मी पिंजऱ्यावर जिजीची जुनी शाल घातली. कोपऱ्यावर वळताना रघुजी आतून ओरडला, "छबू! छबू!" रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. मी फाटक लावून आत आले. नाहीतर काय करायचं होतं?

२ फेब्रुवारी

ठाण्यावर दोनदा जाऊन आले. भिजवलेली डाळ नेली. पिंजरा मुन्शीच्या टेबलावर असतो. एक शिपाई कौतुकाने म्हणाला, "मैडम, बड़ा होशियार है, दो दिन में सीख गया." काय ते विचारायची गरज पडली नाही. रघुजीने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि ठाण्याच्या जाड आवाजात म्हणाला, "कौन है बे?"

घरात फार शांत आहे. सकाळी जाम घेतला. सालीसकट खाल्ला. कोणी अडवलं नाही. दुपारी पोट दुखलं.

३ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे कुठे चुकलं ते कळेल.

कोर्ट गच्च भरलेलं. दुसऱ्या कोर्टांतले वकीलसुद्धा येऊन उभे. पिंजरा टेबलावर ठेवला. मॅजिस्ट्रेटने वाकून बघितलं. रघुजी म्हणाला, "कौन है बे?" हशा पिकला. अमनचा वकील उडी मारून उठला, "नोट किया जाए, अदालत की तौहीन!"

भैयासाहेब म्हणाले, हे शब्द तीन दिवसांच्या पोलिसी सहवासाचं फळ आहेत. ज्या शब्दाची तक्रार आहे तो वेगळा. मग साल म्हणजे काय यावर अर्धा तास. अमन म्हणाला, तो साला म्हणतो. मी म्हटलं, साल. मॅजिस्ट्रेट म्हणाला, साल म्हणजे तर वर्ष. कोणी एक मागून म्हणाला, साल एक झाडही असतं.

मग मला सुचलं. माझ्या पिशवीत जाम होता. मी म्हटलं, हुजूर, परवानगी द्या. पिंजऱ्यासमोर उभी राहिले, जाम रुमालाने पुसला आणि तसाच, न सोलता, तोंडाजवळ नेला.

रघुजीने आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या. मला वाटलं, विसरला. ठाण्याने सगळं पुसून टाकलं. दात सालीला लागले.

"छबू, साल काढ!"

त्या एवढ्या मोठ्या खोलीत जिजीचा आवाज. तिला घराबाहेर मोठ्याने बोललेलं कधी आवडायचं नाही. मी आरोपीच्या कठड्याला धरून उभी राहिले. भैयासाहेबांनी खुर्ची मागवली.

मॅजिस्ट्रेट हळूच म्हणाला, "ये आवाज किसकी है?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीचा." आवाज पुल्लिंगी आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

परिवाद खारीज. अमनने पाय आपटले. मांगीलालजींनी कपाळाला हात लावला. सुटल्यासारखं वाटलं असावं.

आणि मग मॅजिस्ट्रेटने फाईल मिटता मिटता माझं पत्र काढलं. तीन पानं. सगळ्यांसमोर वाचलं, माझं स्वतःचं इंग्रजी, एकेक स्वल्पविराम. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. माझ्या ताब्यात. अखंड पिंजऱ्यात. शेजारी साक्षी.

"मैडम, बहत्तर के कानून में देसी तोता जंगली जीव है. पिंजरे में रखना जुर्म है. किसी ने बोला होता तो मैं सुनता नहीं. आपने तो लिखके दिया है. रजिस्ट्री से."

मी म्हटलं, गल्लीत घरटी एक पोपट आहे. सगळ्या गावात आहेत. तो म्हणाला, हो, पण कोणी लिहून दिलेलं नाही. तो खरंच दुःखी दिसत होता. माझ्या वयाकडे बघून मला सोडतोय म्हणाला. पोपट मात्र वन विभागाकडे, जंगलात सोडण्यासाठी. ते येईपर्यंत दोन दिवस माझ्या सुपुर्द.

बाहेर आल्यावर भैयासाहेब म्हणाले, "बाई, आपण खटला जिंकलात." मी त्यांना मागे टाकून चालू लागले. राग त्यांचा नव्हता.

५ फेब्रुवारी

काल नेहाला फोन केला. ती रात्रीच्या बसने टेपरेकॉर्डर घेऊन आली. सकाळपासून दोघी पिंजऱ्यासमोर. पाच जाम सालीसकट खाल्ले. रघुजी फक्त "कौन है बे" आणि शिटी. मी त्याला आठवण करून द्यायला स्वतः म्हणून दाखवलं, जिजीसारखं, 'काढ'वर जोर देऊन, पंधरा-वीस वेळा. कॅसेट संपली.

अकरा वाजता वन विभागाचे दोघे आले. खातेगांवकडे सोडणार म्हणाले, तिकडे झाडी आहे. मी विचारलं, अठरा वर्षं पिंजऱ्यात होता, त्याला उडता येतं का? एक म्हणाला, "आदेश में उड़ने का नहीं लिखा, छोड़ने का लिखा है." माझ्याकडून सही घेतली. पिंजरा संध्याकाळी परत आणून देऊ म्हणाले, तो माझ्या मालकीचा आहे.

नंतर नेहाने कॅसेट लावली. रडायलाच लागली. "आत्याबाई, बोलला तो! सुन, एकदम जिजीआत्या!"

मूर्ख मुलगी. ती मी आहे.

१६ नोव्हेंबर

नऊ महिने लिहिण्यासारखं काही नव्हतं. जाम बाजारात आले. आज पहाटे उठून बसने खातेगांवला गेले. कोणाला सांगितलं नाही. आपण काय करतोय हे सांगता आलं नसतं.

तिथल्या चौकीवर दत्ताजी म्हणून वनरक्षक भेटला, पन्नाशीचा. रजिस्टर काढून दाखवलं: 'तोता, एक नग, छोड़ा गया.' कुठे, विचारलं. तो मला नाल्यापलीकडच्या जामच्या बागेशी घेऊन गेला. म्हणाला, हजारभर येतात, त्यात तुमचा कुठला सांगणार? जगला असेल तर इथेच येईल, खाणं इथेच आहे.

पोपट होते. एवढे की झाडं हलत होती. मी पिशवीतून जाम काढला, पुसला, तोंडाजवळ नेला. थांबले. खाली केला. पुन्हा नेला. सगळे आपापल्या भाषेत किंचाळत होते. असं किती वेळ केलं ते आठवत नाही. दत्ताजी जरा लांब उभा राहून बघत होता. शेवटी मीच वर तोंड करून ओरडले, जितकं मोठ्याने येईल तितकं:

"छबू, साल काढ!"

एक थवा उडाला, चक्कर मारून दुसऱ्या झाडावर बसला. तेवढंच.

दत्ताजी पुढे आला. माझ्या हातातून जाम घेतला, खिशातला चाकू उघडला आणि साल काढून, चार फोडी करून हातावर ठेवल्या.

"तुम्हाला मराठी येते?"

"आजोबा साताऱ्याकडून आले होते, बाई. आता घरात हिंदीच. पण आजी हेच म्हणायची, म्हणून समजलं." मग संकोचून म्हणाला, "पण छबू कोण?"

मी म्हटलं, "मी."

त्याने मान हलवली. मी फोडी खाल्ल्या.

बस उशिरा मिळाली. घरी आले तर दिवेलागण झालेली, मांगीलालजी भिंतीशी उभे. त्यांना कोणी सांगितलं देव जाणे.

"मिला, बेनजी?"

"नहीं."

"बोला भी नहीं?"

"मैं ही बोली."

ते भिंतीला टेकले. फार वाळलेत या वर्षात. आतून टीव्हीचा आवाज आणि अमनची हाक आली, "जीजाजी, चाय का क्या हुआ?" मांगीलालजींनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. भिंतीवरून वाकून अगदी हळू म्हणाले, "बेनजी, एक बार इधर भी बोल दो ना. जोर से."

बिचाऱ्यांना रघुजीची इतकी आठवण येत असेल असं वाटलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं. जिजीसारखं, 'काढ'वर जोर देऊन. गल्लीत घुमलं. आतला टीव्ही बंद झाला.

मांगीलालजींनी सदऱ्याच्या खिशातून हिरवी मिरची काढली आणि भिंतीवरून पुढे केली. नको म्हणायचं सुचलं नाही. मी घेतली.